उस्तादांची गाडी उचलत नाही

"पुन्हा मेला," उस्ताद फोनवर म्हणाले. "सेल्फ. नुसतं टक् सुद्धा नाही."

बारक्याने हातातला पाना खाली ठेवला. सेल्फ म्हणजे इंजिनाला पहिली फिरकी देणारी मोटर. उस्तादांच्या जुन्या गाडीची ही मोटर त्याने कालच सबंध खोलून, पुसून, नवे कार्बन घालून बसवली होती. मग गाडी स्वतः चालवत नेऊन त्यांच्या शेडमध्ये लावली होती.

"काल तर एका दमात उचलली, उस्ताद."

"काल उचलली असेल. आज नाही उचलत. ये."

बारक्याला आता चांगलं पोट सुटलं होतं आणि त्याचं स्वतःचं गॅरेज होतं. तरी उस्तादांची हाक आली की तो निमूट निघायचा. पाना कसा धरायचा इथपासून सगळं त्यांनीच शिकवलेलं. बाकीच्यांनी हात टेकलेल्या गाड्या लोक एके काळी त्यांच्याकडे आणत. त्याच माणसाची गाडी आपल्या हातून नीट होत नाही म्हटल्यावर बारक्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

उस्ताद शेडमध्ये बॉनेट उघडून उभे होते, कान इंजिनाकडे.

"चालू कर."

बारक्याने खिडकीतून हात घातला, किल्ली फिरवली आणि खालचं बटण दाबलं. त्या काळच्या गाड्यांची रीतच ती. मोटर गर्रकन फिरली आणि इंजिन गुरगुरायला लागलं.

उस्तादांनी बॉनेटच्या आडून डोकं बाहेर काढलं. "काय केलंस?"

"काही नाही. चालू केली."

"मग सकाळी का नाही झाली?"

बारक्याने बॉनेटखाली डोकं घालून एकेक गोष्ट बघितली. बॅटरी भरलेली होती, टर्मिनल चकचकीत होते, अर्थिंगची वायर तर नवी कोरी. थंड इंजिनाला त्रास होत असेल म्हणावं, तर गाडी रात्रीपासून उभीच होती, म्हणजे आत्ताही इंजिन थंडच होतं आणि तरी उचललं. त्याच्या डोक्याचा पार भुगा झाला.

"सोमवारी नातीची शाळा सुरू होतेय," उस्ताद म्हणाले. "तिला गाडीने सोडायला मी जाणार, तसा शब्द दिलाय. तुला जमत नसेल तर आत्ताच सांग. जावयाने गिऱ्हाईक आणलंय, देऊन टाकतो. बंद गाडी दारात ठेवून मला माझं हसं नाही करून घ्यायचं."

"जमेल, उस्ताद."

तोंडाने जमेल म्हणायला काय जातं? बारक्याने सगळं पुन्हा तपासलं आणि सगळं पुन्हा ठीकच निघालं. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आलाच.

आता त्याला वेगळीच शंका आली. उस्तादांनी या वयात गाडी चालवू नये असं त्यांच्या बायकोला, काकूंना, मनापासून वाटत होतं, आणि त्या ते लपवतही नसत. रोज कोणी तरी एखादी वायर सैल करत असेल तर? त्याने गुपचूप सगळ्या नटांवर रंगाचा एकेक ठिपका दिला. नट हलला की ठिपका फुटणार.

पुढच्या सकाळीही गाडी उस्तादांच्या हाताने चालू झाली नाही. ठिपके मात्र जसेच्या तसे होते. आणि बारक्याने बटण दाबताच मोटर शहाण्यासारखी फिरली. काकूंनी पुढे केलेला चहाचा कप घेताना त्याला त्यांच्याकडे बघवेना.

"काकू, सकाळी नक्की होतं तरी काय?"

"मला गाडीतलं काय कळतंय रे," त्या पदराला हात पुसत म्हणाल्या. "ते एकटेच बसतात. तू एकदा शेजारी बसून बघ. ते बॉनेट राहू दे."

रविवारी सकाळी बारक्या आला तेव्हा उस्ताद दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून तयार होते. ते सीटवर बसले आणि त्यांनी आरसा नीट केला. बारक्या त्यांच्या शेजारी बसला.

"आता नीट ऐक," उस्ताद म्हणाले.

त्यांनी किल्ली फिरवली. समोरचा लाल दिवा लागला. मग दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवून, मान जराशी तिरकी करून ते ऐकत राहिले.

बारक्याही थांबला. काहीच झालं नाही.

उस्तादांनी किल्ली मागे घेतली, पुन्हा पुढे केली आणि पुन्हा वाट बघितली. "आता तरी पटलं? मी खोटं बोलतोय वाटत होतं तुला."

बटण किल्लीच्या खालीच होतं. उस्तादांचा हात तिकडे गेला नाही. नजरही गेली नाही.

बारक्याचं बोट आपसूक पुढे झालं. "उस्ताद, ते..."

"नात मागे बसणार नाही म्हणते," उस्ताद खुशीत म्हणाले. "आजोबांच्या शेजारीच बसणार. इथं, तू बसलायस तिथं."

बारक्याने हात मागे घेतला. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या आणि त्याच्याकडेच बघत होत्या. तो घाईने उतरला, बॉनेट वर केलं आणि आत तोंड घालून उगाच खुडबुड करत राहिला.

"मोटर जळलीय, उस्ताद," तो शेवटी म्हणाला. "माझ्याच्यानं नाही व्हायची. देऊन टाका गाडी."

उस्तादांनी किल्ली काढून खिशात टाकली. मग सावकाश खाली उतरले आणि त्यांनी बारक्याच्या पाठीवर हात ठेवला.

"वाईट वाटून घेऊ नकोस," ते म्हणाले. "सेल्फचं काम अवघडच. तुला ते नीट शिकवायचं माझ्याकडूनच राहून गेलं."