कुलूप लावलं नव्हतं

"हा चौकशी अहवाल कंपनीने आपल्या वकिलांसाठी लिहून घेतलेला आहे, साहेब. पक्षकार आणि वकील यांच्यातली ही गोष्ट. ती बाहेर काढता येत नाही," कंपनीचे वकील पुन्हा म्हणाले आणि घाम पुसत खाली बसले.

मागच्या बाकावर मिस्त्रीची बायको हात आवळून बसली होती. शेजारी तिचा मुलगा, मांडीवर तिची पाण्याची बाटली धरून. बापाच्याच कारखान्यात तो दुसऱ्या पाळीला होता. बाप गेला आणि त्याने नोकरी सोडली. तेव्हापासून त्याच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे दगडातून पाणी काढायचं. तिने दावा लावायचं ठरवलं तेव्हाही तो एवढंच म्हणाला होता, "तुला हवं ते कर, आई." पण प्रत्येक तारखेला तिच्यासोबत यायचा. पोटचं पोर आहे, बापासाठी तुटतंय, ती मनाशी म्हणायची.

साबणाच्या कारखान्यात मोठा मिक्सर होता. तो साफ करायला मिस्त्री त्याच्या पोटात उतरला आणि मिक्सर फिरू लागला. उतरण्याआधी वरच्या मुख्य बटणाला स्वतःचं कुलूप लावायचं आणि किल्ली खिशात टाकायची, असा तिथला नियम. कंपनीने कळवलं, मिस्त्रीने कुलूप लावलंच नव्हतं. चूक त्याची.

कुलूप लावलं नव्हतं! जो माणूस घराला कुलूप घालून ते ओढून बघायचा, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन पुन्हा परत यायचा! "अहो, लोंबकळू नका त्याला, कोयंडाच उखडेल," असं ती रोज म्हणायची.

"भरपाई मिळाली तर मिळाली," तिने आपल्या वकीलबाईंना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "पण मेलेल्या माणसाच्या डोक्यावर खापर फोडून हे मोकळे झालेत, ते मला उतरवायचंय. माझा माणूस निष्काळजी नव्हता."

अहवाल लिहिला होता सुरक्षा अधिकाऱ्याने. कामगार त्याला हेल्मेटमास्तर म्हणायचे. मिस्त्रीला रुग्णवाहिकेतून नेताना तोच उशाशी होता. ती त्याला विचारून विचारून थकली. दर वेळी एकच उत्तर, "पाणी मागितलं, वहिनी. बाकी काही नाही."

मध्यंतरी तो घरीही येऊन गेला. चहा निवून गेला तरी कपाला हात लावला नाही.

"वहिनी, राहू द्या तो अहवाल. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"तुमच्या मुठीत माझ्या नवऱ्याचं नाव अडकलंय, मास्तर. कंपनीचं मीठ खाता, तेव्हा मूग गिळून बसणारच तुम्ही. या आता."

तो गेला. मुलगा दारातच उभा होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

आज तोच मास्तर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा होता.

"अहवाल वकिलांनी मागितला म्हणून लिहिलात?" वकीलबाईंनी विचारलं.

"वर लिहिलंय तसं. 'गोपनीय, फक्त वकिलांसाठी.'"

"बरं. हा दुसरा अहवाल बघा. कारखान्याच्या माळ्याला गांधीलमाशी चावली, त्याचा. लिहिलाय तुम्हीच. वर काय आहे?"

मास्तरने कागद हातात घेतला.

"वाचा की."

"'गोपनीय, फक्त वकिलांसाठी.'"

"गांधीलमाशी कोर्टात जाणार होती का, मास्तर?"

कोर्टात हशा पिकला. न्यायाधीशही गालात हसले.

"शपथेवर सांगा. अपघात लहान असो की मोठा, तुम्ही अहवाल लिहिताच. आणि हा शिक्का सगळ्यांवरच बसतो. हो की नाही?"

मास्तरने एकदा मागच्या बाकाकडे पाहिलं. "हो," तो म्हणाला. "सगळ्यांवर. आमची पद्धतच आहे तशी."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "दावा होणार म्हणून खास वकिलांसाठी लिहिलेलं झाकून ठेवता येतं. रोजच्या कामाचा भाग म्हणून लिहिलेलं झाकता येत नाही, मग वरचा शिक्का कितीही लाल असो. अहवाल खुला करा."

"साहेब, एक विनंती," मास्तर घाईने म्हणाला. "आधी तुम्ही एकट्यानेच वाचा."

मिस्त्रीची बायको ताडकन उठली. "नाही साहेब! खोटं चारचौघांत सांगितलं, खरंही चारचौघांतच वाचा."

मुलगा उठायला लागला. तिने मनगट धरून त्याला खाली ओढलं. "बस. ऐक. तुझ्या बापाचं नाव धुऊन निघतंय."

कारकुनाने अहवालाचा बंद लिफाफा फोडला. तो किराणा मालाची यादी वाचावी तशा आवाजात वाचू लागला.

"'मुख्य बटणाला मिस्त्रीचं कुलूप लावलेलं होतं.'"

तिने डोळे मिटले. गालांवरून ओघळ लागले. वकीलबाईंनी मागे वळून तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. मुलाचं मनगट तिने अजून सोडलं नव्हतं. ते बर्फासारखं गार होतं.

"'कुलूप फोडलेलं नाही, किल्लीने उघडलेलं आहे. दुसरी किल्ली कोणाला देऊ नये असा नियम असूनही मिस्त्रीने ती दुसऱ्या पाळीच्या एका कामगाराला देऊन ठेवली होती. मिस्त्री कुलूप विसरून घरी गेला असं समजून त्या कामगाराने ते काढलं आणि मिक्सर सुरू केला. पुढचं मी वकिलांखेरीज कोणी वाचणार नाही या भरवशावर लिहीत आहे. रुग्णवाहिकेत मिस्त्री शुद्धीवर होता. त्याचे शब्द जसेच्या तसे देतो. मास्तर, मी कुलूप लावलंच नव्हतं असं सगळ्यांना सांगा. पोरानं उघडलं हे त्याच्या आईला कधी कळू देऊ नका.'"