शेवटचा पट्टा

"दोन मिनिटं थांब ताई, तुला ग्राफिक्स दाखवतो," सुदेश म्हणाला आणि टेबलाखाली पीसीच्या काचेच्या पेटीत सात रंगांचे दिवे लागले. पंखे घोंघावले. पडद्यावर एक निळी पट्टी आली आणि तीन टक्क्यांवर थांबली.

कल्पिताने काही दाखव म्हटलं नव्हतं. आई बसायची तिथेच, टीव्हीसमोर, भिंतीला टेकून ती जमिनीवर बसली होती. मांडीवर हक्कसोडपत्र होतं. गेलेल्या आईच्या नावावरचे खडवलीचे अकरा गुंठे, भाताचे. बहिणीने सही केली की सगळे भावाचे. बहिणी सही करतात. तिनेही पेन आणलं होतं.

"आणि तो डब्बा आज जातोय." सुदेशने टीव्हीखालच्या गेमच्या कन्सोलकडे बोट केलं. "ठाण्याचा दुकानवाला येतोय पाचला. एक्स्चेंजमध्ये पीसीला नवीन ग्राफिक्स कार्ड देतो बोलला. त्याच्या आधी पुसून साफ करायचाय."

"आतलं सगळं?"

"मग? आईचं ते ट्रॅक्टर-बिक्टर ठेवून काय करू?"

डब्बा त्यानेच आणला होता. महिन्याभरात त्याचं मन उडालं, आणि आईचं बसलं.

कल्पिताने बटण दाबलं. एकच बटण. टीव्ही आपोआप लागला, आणि दहा मोजायच्या आत समोर गेममधलं शेत होतं. म्हणून तर आईला जमलं. तिला पासवर्ड ठाऊक नव्हता, इंग्रजी येत नव्हतं. बटण ठाऊक होतं.

पिवळंधमक पीक. बांधावर कापणीचं मशीन उभं. आई दवाखान्यात गेली त्याच्या आदल्या दिवशी ते पिकलं असणार. डब्बा बंद झाला तसं तिथेच थांबलं होतं.

"कापणी राहिलीय," ती म्हणाली.

सुदेश हसला. "तू पण ताई? अगं, कन्सोल म्हणजे पोराटोरांचं काम. दिलेलं खेळायचं, गप बसायचं. पीसीवर सगळं आपल्या हातात. आणि गेम काय भावात! तिकडे एक डिस्क चार हजाराला. तेवढ्यात मी सेलमध्ये तीस उचलतो."

"खेळतोस कधी?"

"वेळ कुठेय?"

"चारशे सतरा गेम झालेत," स्वयंपाकघराच्या दारातून भावना म्हणाली. तिने नवऱ्याकडे पाहिलंही नाही. "दिवाळीचा सेल, उन्हाळ्याचा सेल, तो भुतांचा कसला सेल. घेणं हाच त्यांचा खेळ आहे, ताई."

"तू चहा बघ," सुदेश म्हणाला. पट्टी अकरा टक्क्यांवर होती. "ग्राफिक्सचा ड्रायव्हर जुना झालाय जरा. होईल आता."

कल्पिताने मशीन शेतात घातलं. पहिली ओळ वाकडी गेली, दुसरी जरा सरळ. मागे धसकटं उरत गेली.  पंखे तेवढे घोंघावत होते.

भावना कप खाली ठेवून तिच्याजवळ टेकली. "शेवटचा पट्टा आई कधीच कापायच्या नाहीत. मशीन बांधावर आणून लावायच्या. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, पाखरांना नको काय गो ठेवाया?"

खडवलीलाही आई हेच करायची. कल्पिताने मशीन वळवून बांधावर लावलं.

"अगं, एक पट्टा राहिला की!" सुदेशचं लक्ष आता टीव्हीकडे गेलं होतं.

"राहू दे. पाखरांना."

"गेममध्ये कुठली पाखरं? तसं काही टाकलेलंच नाही त्यांनी."

 तिने शेत जतन केलं.

"झालं, झालं! आता बघ!" पीसीच्या पडद्यावर चौकोनच चौकोन उघडले. गाड्या, राक्षस, तलवारी, चंद्रावरचे तळ. सुदेश बोटाने ते वर सरकवत राहिला. ते संपत नव्हते. मध्येच एक हिरवा ट्रॅक्टर गेला.

"थांब. हा?"

"हा? आईवालाच. नव्वद टक्के ऑफ होता. घेऊन ठेवला."

"उघडलास कधी?"

"इन्स्टॉल करायला लागेल. मोठा आहे. लावू?"

"लाव."

पुन्हा निळी पट्टी आली. कल्पिताने मांडीवरचा कागद उचलला.

"खडवलीच्या जमिनीचं काय करणार आहेस?"

"करायचं काय? घेऊन ठेवायची. भाव वाढतोय तिकडे."

 तिने पेनाला टोपण लावलं. कागदाची घडी करून पर्समध्ये टाकली. उठली, भिंतीतली पिन काढली, तारा गुंडाळल्या. भावनाने न सांगता दोरीवरचा आईचा पंचा आणून दिला. कल्पिताने कन्सोल त्यात बांधला.

"अगं, दुकानवाला येतोय! आणि सही?"

"तुझ्याकडे आहे ना शेत?" तिने पडद्याकडे मान हलवली. "ते उघड. पेर. एक पीक काढ. मग बोलाव मला, सही करते."

गाठोडं काखेत मारून ती दारापर्यंत गेली, चपला घातल्या. सुदेश खुर्चीतच होता. दिव्यांचे सात रंग त्याच्या तोंडावरून आळीपाळीने जात होते.

पट्टी एका टक्क्यावर होती.