पांढऱ्या गोंड्याची टोपी

बंदुकीचा बार ऐकला आणि सोल्वेग वाटेतच मटकन खाली बसली.

"मी माणूस आहे!" ती ओरडली. "अहो, माणूस!"

तिची तिलाच लाज वाटली. बासष्ट वर्षांची बाई, चाळीस वर्षं याच डोंगरांतून एकटी भटकलेली, आणि आज सशासारखी अंग चोरून बसलेली!

काल मुक्कामाच्या केबिनवर बहिणीचा फोन लागला तेव्हा मायब्रितनं बजावलं होतं. "मूजची शिकार सुरू झालीय. अंगावर नारिंगी काही नसेल तर रानात पाऊल टाकू नकोस. मूज समजून उडवतील तुला."

"मूजसारखं हरीण घोड्याहून उंच असतं गं."

"तू काय कमी ताडमाड आहेस? त्यात ते तपकिरी जाकीट. मागून अगदी तश्शीच दिसतेस!"

दोघी पोट धरधरून हसल्या होत्या. मग मायब्रितनं हळूच सांगितलं, की तिचं हृदयाचं ऑपरेशन अलीकडे घेतलंय. उद्याच संध्याकाळी. आता आज निघायलाच हवं होतं. दलदलीपलीकडच्या रस्त्यावरून शहराची बस दिवसातून एकदाच, साडेअकराला जायची. ती चुकली तर मायब्रितला आत नेताना तिचा हात धरायला कुणीही नव्हतं.

सोल्वेग उठली. दहा पावलं गेली नसेल, तोच झाडीतून एक माणूस धावत आला. खांद्याला बंदूक, अंगात नारिंगी जाकीट, डोक्याला नारिंगी टोपी.

"बाई, वेड लागलंय का तुम्हाला? या दिवसांत या रंगात फिरताय!"

"ओरडू नका हो. आधीच जीव मुठीत धरून चाललेय."

तो चांगलाच धापा टाकत होता. हातात फोन होता. एकदा त्यानं मागच्या झाडीकडे पाहिलं, एकदा फोनकडे.

"मघाचा बार तळ्यापलीकडच्या लोकांचा," तो म्हणाला. "मी टूरे. कुठे निघालात?"

तिनं बसचं सांगितलं, बहिणीचं सांगितलं. तो ऐकत होता, पण लक्ष दुसरीकडेच असावं. मग त्यानं तिला नीट पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, आणि एकाएकी जाकिटाची चेन उघडली.

"हे घाला."

"छे छे! आणि तुम्ही?"

"घरून निरोप आलाय, मला परत फिरायचंय. झाडीतूनच जाईन. या रानात मला कोण ओळखत नाही?"

"मग माझं तरी घ्या, गारठाल," असं म्हणून तिनं आपलं तपकिरी जाकीट पुढे केलं. त्यानं एकदाही नको म्हटलं नाही. लगेच चढवून गळ्यापर्यंत बंद केलं. ज्या रंगावरून आत्ता बोलणी खाल्ली, तोच याला कसा चालतो, असं तिच्या मनात आलं. पण नारिंगी जाकीट उबदार होतं, आणि फुकट मिळालेल्या उबेवर प्रश्न काय विचारायचे!

"या रंगाचं एक बरं असतं," टूरे म्हणाला. "मूजला तो वेगळा कळत नाही. माणसाला मात्र लांबून दिसतो."

मग त्यानं टोपी काढली. हातानं विणलेली, वर मुठीएवढा पांढरा गोंडा.

"सुरेख आहे. बायकोनं विणली?"

"बायको नाही मला. वहिनीनं. ब्रितानं."

"अरे वा! वहिनी दिराचे बरेच लाड करते म्हणायची!"

टूरे हसला नाही. त्यानं टोपी तिच्या कानांवर ओढली आणि तिचे करडे केस एकेक करून आत खोचले.

"दलदलीवरच्या फळ्यांवरून जा. अगदी मधून, उघड्यावरून. समोरच्या टेकडीवर मचाणावर माझा भाऊ आहे, आल्वार, ब्रिताचा नवरा. तो तुम्हाला बघेल."

"नजर चांगली आहे ना पण त्याची?"

"अकरा वर्षांत त्याची गोळी वाया गेलेली नाही."

हे ऐकून तिला खरंच धीर आला.

"खिशात वॉकीटॉकी आहे, असू दे. दुसरा आल्वारकडे असतो. तो बोलला तरी तुम्ही बोलू नका. शिकारीच्या वेळी परका आवाज आला की पिसाळतो. बस आली की सगळं तिथल्या खांबाला टांगून ठेवा."

"देव तुमचं भलं करो," सोल्वेग म्हणाली. तो तेवढ्यात झाडीत शिरलाही होता.

दलदल मोकळी होती. फळ्या ओल्या, पाय सरकत होता. अकरा वाजून पाच मिनिटं. पाठीमागे झाडी नाही, पुढे झाडी नाही. अर्ध्यावर आली तेव्हा खिसा खरखरला.

"टूरे? कुठे आहेस?"

सोल्वेग गप्प राहिली. बोलू नका म्हणून टूरेनं बजावलं होतं.

चार पावलांनी पुन्हा खरखर. "हां. दिसलास."

तिच्या छातीवरचा धोंडा उतरला. दिसले एकदाची! टेकडीवर काचेसारखं काहीतरी चमकलं. दुर्बीण असणार. आता बस मिळणार, मायब्रित भेटणार. तिला इतका आनंद झाला, की ती फळीवर थांबली आणि टेकडीकडे बघून तिनं हात उंच करून हलवला. डोक्यावर पांढरा गोंडाही हलला.

खिशातला आवाज आता अगदी शांत होता.

"ब्रितानं सकाळी सगळं कबूल केलं, टूरे. हलू नकोस."