डोळे मिटलेलं कासव

मुक्ताबाईनं टबावरचं ओलं फडकं बाजूला केलं आणि कासव डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवलं. तळहाताएवढं, हिरवट पाठीचं, डोळ्यांमागं तांबडा पट्टा असलेलं. दोन्ही डोळे सुजून मिटले होते. आठवडाभर त्यानं तोंडाला काही लावलं नव्हतं.

कासव सारिकाचं. ती कारेगावात मुक्ताबाईच्या खोलीत भाड्यानं राहायची. कुरकुंभच्या कंपनीत नोकरी लागल्यावर ती तिकडच्या हॉस्टेलवर गेली आणि तिथं चालत नाही म्हणून हे मागं ठेवून गेली. मुक्ताबाईचा जन्म मेंढरांत गेलेला. अडलेल्या मेंढ्या तिनं आपल्या हातानं मोकळ्या केल्या होत्या. पण या कासवापुढं तिला काही सुचत नव्हतं, आणि सारिकाला फोनवर खरं सांगायचा धीरही होत नव्हता.

सल्ल्यांना तोटा नव्हता. कासव विकणाऱ्या दुकानदारानं डोळ्यात घालायला माणसांचे थेंब दिले. शेजारणीनं हळदीचं पाणी सांगितलं. मोबाईलवर एक जण म्हणाला पाणी बदलू नका, दुसरा म्हणाला रोज बदला. घोड नदीत सोडून द्या, असंही एकानं सुचवलं. सगळे अगदी खात्रीनं बोलत होते. थेंब झाले, हळद झाली, कासव मान आत ओढून तसंच पडलं होतं.

डॉक्टर मोनिका शिरूरला गाई-म्हशींचा दवाखाना चालवायच्या. त्यांनी कासव उलटंसुलटं करून पाहिलं, पाठ अंगठ्यानं दाबली, मिटल्या पापण्यांकडं बराच वेळ पाहत राहिल्या.

"मावशी, मला कासवातलं कळत नाही," त्या म्हणाल्या. "अंदाजानं सुई मारणार नाही मी."

एवढ्या लांबून आल्यावर मुक्ताबाईला खरं तर राग यायला हवा होता. उलट तिचा जीव थोडा हलका झाला. आठवडाभरात असं म्हणणारं माणूस तिला पहिल्यांदाच भेटलं होतं.

"मंग कुणाला कळतं, त्ये तरी ठाव हाय का?"

"विचारते. बसा तुम्ही."

डॉक्टरीणबाईंनी पुण्यातल्या मैत्रिणीला फोन लावला. तिनं दुसऱ्याचा नंबर दिला, त्यानं तिसऱ्याचा. बाहेर शेळी घेऊन आलेला माणूस कुरकुरू लागला, त्याला त्यांनी जरा थांबायला सांगितलं. शेवटी साप-कासवांवरच उपचार करणारे एक म्हातारे डॉक्टर व्हिडिओवर आले. त्यांनी प्रश्न विचारले ते मुक्ताबाईला. खायला काय देता? दुकानातल्या पाकिटातला वाळका झिंगा. ऊन मिळतं का? भाजंल म्हणून कधी बाहेर काढलंच नव्हतं. पाण्यातून वर चढून बसायला कोरडी जागा? तीही नव्हती, मुक्ताबाई बारीक आवाजात म्हणाली.

म्हातारे रागावले नाहीत. दुखणं डोळ्यांचं नाही, म्हणाले, खाण्यातली कमी डोळ्यांत दिसतेय. सकाळचं कोवळं ऊन, टबाच्या एका कडेला सावली, चढायला वीट, स्वच्छ पाणी. डोळे उघडले की पाला आणि तांबड्या भोपळ्याचा कीस. नदीत मात्र सोडायचं नाही, ही परदेशी जात आहे, नदीतल्या आपल्या कासवांचं खाणं हिरावून घेईल. इंजेक्शन एकच, अ जीवनसत्त्वाचं, पण वजनावर. जास्त झालं तर कातडी सोलवटते.

दवाखान्यातला काटा वासरांचा. त्यावर कासव ठेवलं तर आकडाच हलेना. मग गमबूट घातलेल्या डॉक्टरीणबाई स्वतः टब उचलून समोरच्या किराणा दुकानात गेल्या आणि साखरेच्या काट्यावर कासव तोलून आणलं. म्हाताऱ्यांनी मात्रा सांगितली. डॉक्टरीणबाईंनी ती दोनदा म्हणून दाखवली. सुई भरल्यावर ती फोनसमोर धरून पुन्हा विचारलं, बरोबर आहे ना?

"धरता का मावशी? माझं हे पहिलंच आहे."

मुक्ताबाईनं कोकरू धरावं तसं कासव धरलं.

संध्याकाळी तिनं सारिकाला फोन केला आणि सगळं खरं सांगितलं.

पुढच्या महिन्यात एका सकाळी कारेगावात तिच्या दारात स्कूटर थांबली. डॉक्टरीणबाई होत्या. जवळच एक गाय अडली होती, तिला मोकळं करून आल्या होत्या. बाह्यांवर डाग तसेच होते. मुक्ताबाई घाबरली. औषधाचं काही राहिलं का, तिनं विचारलं.

"काही नाही राहिलं. आजारी कासव बघितलं मी. धडधाकट कसं दिसतं, ते बघायचंय."

अंगणात कासव विटेवर चढून बसलं होतं. मान लांब, मागचे पाय ताणलेले, डोळे टक्क उघडे. डॉक्टरीणबाई त्याच्यासमोर उकिडव्या बसल्या आणि नुसत्या बघत राहिल्या.

मुक्ताबाईनं चहाचा कप हळूच त्यांच्याजवळ ठेवला आणि दोघांवर आपली सावली पडू नये म्हणून बाजूला सरकून उभी राहिली.