परीसाठी मोठ्यानं वाचायचं

वर्षानं परीला धावजीच्या मांडीवर ठेवलं आणि शेजारी पेपर ठेवला.

“परी, आबाले सांग, डॉक्टरबाईनं तुले रोज मोठ्यानं वाचून दाखवाले सांगतलं म्हणा.”

बंजाऱ्यांच्या तांड्यात सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नाही. वर्षा नेरच्या कॉलेजात शिकलेली, पण ही रीत तिनं मोडली नव्हती. सासऱ्याला काही सांगायचं झालं की ती पोरीला सांगायची. पोरगी नव्हती तेव्हा शेळीला सांगायची.

धावजीनं आधी पेपरकडे पाहिलं, मग नातीकडे. पाच महिन्यांची पोर. अजून धड बसत नव्हती.

“तिले काय समजते?” तो पुटपुटला.

“समजाले नाईच ते,” वर्षा परीचं झबलं नीट करत म्हणाली. “आवाज कानावर पडला पाह्यजे, बोलणाऱ्याचं तोंड दिसलं पाह्यजे. बोलणं तिथूनच येते. अन् त्याले वय नसते, आजपासून वाचलं तरी चालते. परी, तू आवाजच काढून नाई राह्यली, हे सांग आबाले.”

हे शेवटचं वाक्य धावजीला लागलं. त्याला ते ठाऊकच नव्हतं. तो दिवसभर गोठ्यात बसायचा, घरात जेवण्यापुरता यायचा. मागल्या आठवड्यात आर्णीच्या दवाखान्यात तोही गेला होता. डॉक्टरबाईंनी परीसमोर किल्ल्या वाजवल्या, तिला हसवलं. मग त्यालाही विचारलं, झोप लागते का, जेवण जातं का. त्यानं नुसती मान हलवली. घरच्या सगळ्यांचीच विचारपूस करत असतील, असं त्याला वाटलं. नंतर त्याला बाहेर बसवून बाई वर्षाशी बराच वेळ बोलल्या. वर्षा बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. काय झालं, हे त्यानं विचारलं नाही. बायको लालीबाई गेल्यापासून तो कोणालाच काही विचारत नव्हता.

एके काळी देवाला भोग लावताना अरदास, म्हणजे प्रार्थना, धावजीच म्हणायचा आणि ती तांड्याच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायची. बायको गेली आणि ते काम तांड्यातल्या हरिसिंगकडे गेलं.

त्या दिवशी त्यानं कापसाचे भाव वाचले. मग तुरीचे. आवाज घोगरा निघाला, दोनदा अडकला. परीनं सोयाबीनच्या भावाचा कोपरा तोंडात घातला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग रोजच.

एका संध्याकाळी राजकुमार कामावरून आला आणि मी वाचतो म्हणाला. वर्षानं नवऱ्याला दळण आणायला पिटाळलं. पोरीला एकाच आवाजाची सवय लागली पाहिजे, असं डॉक्टरबाईंचं म्हणणं होतं म्हणे. शेजारची बसंतीबाई आली आणि सांगू लागली की परवा तिच्या घरी या पोट्टीनं कसा गोंधळ घातला. वर्षानं तिला हाताला धरून चहासाठी आत नेलं. धावजी तेव्हा वाचता वाचता हरवलेली ओळ शोधत होता.

पेपराचा कंटाळा आला, तेव्हा वर्षानं अंगणवाडीतून चित्रांचं पुस्तक आणलं. त्यात उंट, विहीर, मोर, बैल. पानावर एकच ओळ. एवढ्यानं पोरीचं काय होणार, म्हणून धावजी पदरचं घालू लागला. बैलाच्या पानावर तर तो थांबेचना. नेरच्या बाजारात त्यांचा बैल सुटला होता आणि लालीबाईनं तो भाजीवाल्यांच्या मधून शिंग धरून ओढत आणला होता. हे त्यानं परीला घरच्या गोरबोलीत सांगितलं, कारण लालीबाईनं त्या बैलाला घातलेल्या शिव्या मराठीत जमत नव्हत्या. सांगता सांगता तो हसला आणि मग बैलाच्या चित्रावरून हात फिरवत राहिला.

आत भाकरी थापायचा आवाज थांबला होता. तो पुन्हा सुरू झाला, तेव्हा धावजीनं पान उलटलं.

संध्याकाळी वर्षा विचारायची, “परी, आबानं आज काय वाचलं वं?” मग धावजीला सगळं पहिल्यापासून सांगावं लागायचं.

हरिसिंग रस्त्यानं जाता जाता उभा राहिला. “काय धावजी, पोट्टीले तहसीलदार करतं का?”

“आधी बोलू तं दे. मंग पाठवतो तुह्याकडे, अरदास शिकवाले. मधातच विसरतं म्हणे तू.”

हरिसिंग हसत हसत पारावर गेला आणि धावजी बोलला, असं त्यानं तिथे सगळ्यांना सांगितलं.

एका गोष्टीनं मात्र धावजीची झोप उडाली होती. शेवटी रीत बाजूला ठेवून त्यानं सुनेला सरळ विचारलं, “नाईच बोलली तं?”

वर्षा गडबडली. “तं नागपूरले न्या लागन,” ती परीकडे पाहूनच म्हणाली.

त्या दिवसापासून तो सकाळीही वाचू लागला.

पुन्हा आर्णीला जायचा दिवस आला. एसटीत तो परीला खिडकीतून दिसेल ते सांगत होता. पुढच्या बाकावरच्या दोघी बाया मागे वळून ऐकत होत्या.

दवाखान्यात डॉक्टरबाई म्हणाल्या, “सांगा बाबा.” आणि धावजीनं सांगायला सुरुवात केली. पोट्टी आता बा-बा म्हणते. उंट दाखवला की पाय झाडते. मोराचं पान तिला आवडत नाही. बैलाची गोष्ट मध्येच सोडली तर रडते. त्या बैलाचं काय झालं होतं, तेही त्यानं बाईंना सांगितलं. मग लालीबाईचं सांगितलं, ती कशी होती आणि शेवटी कशी गेली. बाहेर माणसं खोळंबली होती, पण बाईंनी त्याला एकदाही मध्ये अडवलं नाही.

मग तो भानावर आला. “बाई, खरं सांगा. हिले नागपूरले न्या लागन का?”

डॉक्टरबाईंनी वर्षाकडे पाहिलं. वर्षानं पदर पुढे ओढला. बाईंनी परीला उचलून तिच्या आईकडे दिलं, स्वतःची खुर्ची धावजीजवळ ओढली आणि त्याचा हात हातात घेऊन नाडी पाहिली.

“परीला काहीच झालं नव्हतं, बाबा,” त्या म्हणाल्या. “वर्षानं त्या दिवशीही नंबर तुमचाच लावला होता, आणि आजही तुमचाच लावलाय.”