एकसुरी

“मी नाही येणार,” भोंगा म्हणाला, आणि घरात कुणी मिक्सर लावल्यासारखं वाटलं.

त्याचा आवाज आता असाच होता. कर्करोगाने स्वरयंत्र गेलं आणि हातात दांडीसारखं एक यंत्र आलं. ते गळ्याला टेकवायचं, बटण दाबायचं, ओठ हलवायचे. शब्द उमटत, पण सगळे एकाच पट्टीत, डबीत अडकलेली माशी बोलावी तसे. आणि हा माणूस फळबाजारात लिलाव पुकारायचा! बोली पार मागच्या गल्लीत ऐकू जाई, म्हणून तर भोंगा हे नाव पडलं. चर्चमध्ये अख्खी मंडळी गात असली तरी ऐकू यायचा तो हाच.

आता तो बाजारात काट्यावर बसून मुकाट पेट्या तोलत असे. चर्चला तर त्याने रामरामच ठोकला होता.

“देवाला सांग,” त्याने बायकोला बजावलं होतं, “भोंगा तूच काढून नेलास. आता स्तुती हवी तर दुसरीकडून मागव.”

“तुमचं भांडण तुम्हीच निस्तरा. मला कशाला मध्ये घेता?” ती म्हणाली होती.

पण आज नातीचा बाप्तिस्मा होता. बायकोने इस्त्रीचा सदरा पुढे धरला. “देवासाठी नका येऊ. लेकीसाठी या. तिनं काय घोडं मारलंय तुमचं?”

त्याने सदरा चढवला. यंत्र खिशात टाकून तो निघाला आणि दाराजवळच्या शेवटच्या बाकावर जाऊन बसला.

पाळकांनी पाण्यात हात घातला मात्र, नातीने असा टाहो फोडला की खिडक्या थरथरल्या.

“आजोबांवर गेलीय,” कुणीतरी कुजबुजलं.

जावयाने किल्ल्या वाजवल्या. पाळकांनी गाल फुगवून दाखवले. पोरगी ऐकेना. लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती तरातरा मागे आली आणि बाळ बापाच्या हातात कोंबलं. “बाबा, आता तुम्हीच बघा हिच्याकडे!”

भोंग्याला काही सुचेना. त्याने यंत्र काढून गळ्याला लावलं. “गप गं, बये!”

घर्रर्र आवाज थेट छताला जाऊन भिडला. बाळाचं रडणं अर्ध्यावर थांबलं. तिने आजोबाच्या गळ्याकडे डोळे फाडून पाहिलं आणि बोळकं पसरून खदखदून हसली.

मंडळींनी श्वास रोखला. अशा वेळी हसायचं असतं का, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आधी पाळकच फिसकन हसले, मग सगळं चर्च फुटलं. भोंग्याचे कान लाल झाले. त्याने यंत्र खाली घेतलं, तशी नातीने पुन्हा ओठ काढला.

मग काय करणार? बोलतच तिला पुढे न्यावं लागलं. आंब्याच्या बोल्या सांगून झाल्या, केळ्यांच्या झाल्या. पाण्यापाशी पोचेपर्यंत शब्दच संपले, तेव्हा तोंडात आलं ते तोंडपाठ असलेलं स्तुतिगीत. ना चढ ना उतार, नुसती घरघर. पेटीवाल्या बाईंनी जरा वेळ त्याचा सूर शोधला, मग नाद सोडून एकच पट्टी दाबून धरली. मंडळीही त्याच एका पट्टीत गाऊ लागली. नात यंत्रावर लाळ गाळत खिदळत होती. पाळकांनी तेवढ्यात तिच्या कपाळावर पाणी घालून घेतलं.

भोंग्यालाही हसू आलं. त्याच्या हसण्याला आता आवाज नव्हता, नुसते खांदे गदगदत. ‘घे बाबा,’ तो मनात देवाला म्हणाला, ‘एवढाच माल उरलाय.’ देवाने घासाघीस केलेली दिसली नाही. छातीत कित्येक महिने आवळून बसलेलं काहीतरी सैल झालं.

लेकीने बाळ घेतलं. ते तिच्या खांद्यावर झोपलं. पेटी थांबली. भोंगा मात्र पुढचं कडवं गातच होता.

बायकोने बाही ओढली. “अहो, झालं की! झोपली ती.”

“तिच्यासाठी नाही गात आता,” तो म्हणाला आणि पुन्हा सुरू झाला.

पूर्वी तो गायला लागला की मंडळी डोळे मिटून ऐकत, आणि हा एक डोळा किलकिला करून कोण कोण ऐकतंय ते बघत असे. आज सगळी मंडळी टकाटका बघत होती. डोळे मिटले होते ते एकट्या भोंग्याचे.