चार आकडे

दोन वर्षांपूर्वी बायडाबाईचा पगार बँकेत जमा व्हायला लागला तसं नवऱ्यानं, बाळासोनं तिचं एटीएम कार्ड हिसकावून घेतलं. पण पिन काही सापडेना. बँकेचं पत्र तिनं वाचल्याबरोबर चुलीत घातलं होतं. आज पुन्हा त्यानं ट्रंक उपसली, गादी उसवली, लेकीच्या वह्या चाळल्या. शेवटी दमला, जेवला आणि ताट तिथंच सरकवून बाहेर गेला.

"आई, तूच इसरलीस तर? कुठंतरी लिहून ठेव की," दीप्ती म्हणाली.

बायडाबाईनं नवऱ्याचं ताट घासलं आणि पालथं करून लेकीपुढं धरलं. बुडाला चार आकडे कोरलेले होते.

"अगं, हे रोज त्यांच्यापुढंच ठेवतीस व्हय?"

"तुझा बा दोन वर्सं दोन्ही वक्ताला ह्यातच गिळतोय. एकदा तरी ताट घासलं असतं, तर घावला असता की!"